आधी सांगा, पिल्लू किती दिवसांचं आहे?

पावसाळा लागला की या पानाकडे येणाऱ्या प्रश्नांचा रंगच बदलतो, यंदा तर वराहपालकांचेच मेसेज जास्त आहेत आणि बहुतेकांचा विषय एकच, पिल्लांची हगवण आणि जंत. म्हणून यावेळी अख्खं पान त्यालाच देतेय. एक विनंती मात्र आधीच करते. प्रश्न पाठवताना पिल्लाचं वय लिहाच. नुसतं "लहान पिल्लं हगतात" लिहिलंत तर मला काहीच कळत नाही, कारण २ दिवसांचं, १० दिवसांचं आणि ३ महिन्यांचं अशी तीन पिल्लं एकाच वेळी हगत असतील तरी तिघांच्या पोटातलं कारण वेगळं असतं आणि औषधही वेगळं असतं. औषधाचं नाव नंतर, आधी वय.

इंदापूर तालुक्यातले एक पशुपालक विचारतात: ताई, माझ्याकडे लार्ज व्हाइट यॉर्कशायरच्या ८ माद्या आहेत, शेड पक्कं आहे, विण्याचे लोखंडी क्रेट आहेत, पिल्लांना बल्बची ऊब पण देतो. पिल्लं पहिला आठवडा एकदम छान असतात आणि मग आठव्या नवव्या दिवसापासून पिवळं पातळ हगायला लागतात. दोन वेगवेगळी अँटिबायोटिक देऊन झाली, फरक शून्य. मरत फार नाहीत पण वाळतात, एकाच वेतातली दोन मोठी आणि बाकीची उंदरासारखी राहतात. फिनाईल रोज मारतो. आता तिसरं अँटिबायोटिक कुठलं देऊ?

दादा, तिसरं नकोच. तुम्ही दिवस मोजून लिहिलेत म्हणून अर्धं निदान तिथंच झालं. पहिल्या ३-४ दिवसांत जी पाण्यासारखी हगवण लागते ती बहुतेक वेळा ई. कोलाय जंतूची असते आणि तिथं अँटिबायोटिकचा उपयोग होतो. पण पहिला आठवडा बरा गेला आणि ७ ते १४ दिवसांच्या मधे पिवळी, आधी टूथपेस्टसारखी आणि मग पातळ हगवण लागली, पिल्लं दूध तर पितायत पण अंगाला आंबलेल्या दुधासारखा वास येतोय आणि सारखी ओली दिसतायत, तर माझा पहिला संशय कॉक्सिडियावर जातो. कोंबडीवाल्यांना हे नाव माहीत असतं, तिथं रक्ताची हगवण होते. डुकराच्या पिल्लात रक्त पडत नाही म्हणून कॉक्सिडिया कुणाच्या लक्षातच येत नाही. हा जंत नाही, आतड्याच्या पेशीत शिरून वाढणारा एकपेशीय परजीवी आहे, डुकरातल्या याचं नाव सिस्टोआयसोस्पोरा सुइस, जुन्या पुस्तकांत आयसोस्पोरा सुइस म्हणून सापडेल. अँटिबायोटिक याला लागू पडत नाही, कितीही भारी असलं तरी.

आता तुमच्या शेडमधे हे का होतंय ते बघा. याची अंडी, म्हणजे ऊसिस्ट, विष्ठेतून पडतात तेव्हा लगेच लागण करू शकत नाहीत, त्यांना पिकायला ऊब आणि ओल लागते. पिल्लांसाठी आपण ३२ ते ३५ अंशांची ऊब ठेवतो ना, नेमकी तीच त्यांना मानवते आणि एका दिवसाच्या आतच ती तयार होतात. पिल्लू जन्मल्या जन्मल्या फरशी चाटतं, ऊसिस्ट पोटात जातात, ५-६ दिवसांनी हगवण सुरू. म्हणजे आठव्या दिवशी दिसणारी हगवण पहिल्या दुसऱ्या दिवशी चाटलेल्या फरशीची असते. बऱ्याच जणांना वाटतं की आईकडून आलं, पण यात आईपेक्षा तो कप्पाच जास्त दोषी असतो, आधीच्या वेताने तिथं सोडलेली घाण पुढच्या वेताला लागते.

औषध आहे, टोल्ट्राझुरिल. पण ते हगवण लागल्यावर नाही, ३ ते ५ दिवसांच्या पिल्लाला, चांगलं दिसत असतानाच तोंडातून एकदा द्यायचं, २० मिलिग्रॅम दर किलोला. ५ टक्क्यांचं सस्पेन्शन असेल तर किलोला ०.४ मिली, म्हणजे २ किलोच्या पिल्लाला ०.८ मिली. हगवण दिसते तोपर्यंत आतड्याचं अस्तर खराब होऊन गेलेलं असतं, त्यामुळे आजच्या आजारी पिल्लांना याचा फायदा थोडाच, पुढच्या वेताला खरा. आणि एक धोक्याची सूचना, दुकानात कोंबड्यांच्या पाण्यात टाकायचं २.५ टक्क्यांचं द्रावण सहज मिळतं, ते थेट पिल्लाच्या तोंडात सोडू नका, ते फार अल्कलीधर्मी असतं, तोंड आणि घसा भाजतो. आत्ता हगणाऱ्या पिल्लांना ऊब, कोरडी जागा आणि इलेक्ट्रोलाइटचं पाणी द्या, आईचं दूध बंद करू नका.

फिनाईलचं म्हणाल तर ऊसिस्टचं कवच इतकं चिवट असतं की फिनाईल आणि ब्लिचिंग पावडर दोन्ही त्यांना फारसं काही करत नाहीत. त्यांना मारतं ते उकळतं पाणी, वाफ, आग आणि कोरडेपणा. म्हणून कप्पा रिकामा झाला की आधी विष्ठा खरवडून काढा, साबणाच्या गरम पाण्याने घासा, पूर्ण वाळू द्या, मग लोखंड आणि कोब्यावरून ब्लो लॅम्प फिरवा (गवत, गोणपाट, वायरिंग आधी बाजूला काढा), भिंतीला आणि फरशीला चुना मारा, तोही वाळू द्या, आणि मगच पुढची मादी आत घ्या. वाळणं हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि आपण तोच टाळतो कारण पुढची मादी व्यायला टेकलेली असते. दुसरं म्हणजे एकच झाडू आणि एकच गमबूट घेऊन सगळे कप्पे फिरू नका, आजारी वेताचा कप्पा सगळ्यात शेवटी साफ करा.

खात्री करायची असेल तर तपासणी करा, पण त्यातही गंमत अशी की हगवण आधी लागते आणि ऊसिस्ट विष्ठेत नंतर उतरतात, त्यामुळे पहिल्या दिवशीचा नमुना निगेटिव्ह येऊन फसगत होते. हगवण लागून २-३ दिवस झालेल्या ५-६ पिल्लांचे नमुने घ्या, जमलं तर दोन वेगळ्या वेतांतले. तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून ते पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतात.

कुडाळच्या एक ताई लिहितात: डॉक्टर ताई, बचत गटाच्या कर्जातून ६ पिल्लं घेतली होती, आता ती ३ महिन्यांची झालीत. पोट घागरीसारखं आणि पाठीचा कणा वर आलेला, खातात भरपूर पण अंगी लागत नाही. मधे मधे ढास लागते, पळवलं की धापा टाकतात. परवा एकाच्या विष्ठेतून वीतभर लांब पांढरा जंत पडला, गांडुळासारखा. मागे एक डुक्कर कापलं होतं तेव्हा खाटीक म्हणाला कलेजीवर पांढरे डाग आहेत, त्याने ती टाकूनच दिली. या दोन्हीचा संबंध आहे का, आणि आमची मुलं त्याच अंगणात खेळतात, त्यांना काही होईल का?

ताई, तिन्ही गोष्टी एकाच जंताच्या आहेत, ढास, कलेजीवरचे डाग आणि तो वीतभर जंत. तुम्ही खाटकाचं बोलणं लक्षात ठेवून लिहिलंत ते फार बरं केलंत. हा डुकराचा गोल जंत, अ‍ॅस्कॅरिस सुअम. पूर्ण वाढलेली मादी ४० सेंटीमीटरपर्यंत जाते आणि एक मादी दिवसाला दोन लाखांच्या वर अंडी घालते. दिवसाला, हे परत वाचा. ६ पिल्लांच्या पोटात थोडे थोडे जंत धरले तरी तुमच्या अंगणात रोज किती अंडी पडत असतील याचा अंदाज करा.

त्याचा प्रवास समजून घ्या म्हणजे ढास का लागते ते कळेल. अंडं पोटात गेलं की त्यातून अळी निघते, आतड्याची भिंत फोडून रक्तातून यकृतात जाते, तिथं ती फिरते त्या वाटेवर जे वण पडतात तेच ते पांढरे डाग. तिथून साधारण आठवड्याभरात फुप्फुसात. तिथं खोकला, धाप. खोकल्याबरोबर घशात येते, गिळली जाते आणि मग परत आतड्यात येऊन तिथं मोठी होते. अंडं गिळल्यापासून जंत मोठा होऊन अंडी घालायला लागेपर्यंत ६ ते ८ आठवडे जातात. या सगळ्या काळात पिल्लू खातं ते जंताच्या आणि जखमा भरण्याच्या कामी लागतं, तुमचं खाद्य तिकडे जातंय म्हणून अंगी लागत नाही. खूप जंत झाले तर आतडं तुंबतं, कधी एखादा जंत पित्ताच्या नळीत शिरतो आणि कावीळ होते, कापल्यावर अख्खं मांस पिवळं निघतं.

कलेजीवरच्या डागांबद्दल एक खूप उपयोगाची गोष्ट सांगते. नवीन अंडी पोटात गेली नाहीत तर हे डाग काही आठवड्यांत आपोआप भरून येतात. म्हणजे कापताना डाग दिसले याचा अर्थ ते डुक्कर शेवटच्या महिना-दीड महिन्यातसुद्धा अंडी गिळत होतं. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, डुक्कर विकलं तरी कलेजी बघायला जा नाहीतर खाटकाला विचारा, तुमचं जंतनिर्मूलन चाललंय की नाही हे तिथं स्पष्ट दिसतं, त्याला पैसे पण पडत नाहीत.

आता करायचं काय. गावातल्या पशुवैद्यकांना बोलावून सहाही पिल्लांना एकाच दिवशी औषध द्या, दोघांना आज आणि चौघांना पुढच्या आठवड्यात असं नको. फेनबेंडाझोल (५ मिलिग्रॅम दर किलो, तोंडातून किंवा खाद्यातून) किंवा आयव्हरमेक्टिन (३०० मायक्रोग्रॅम दर किलो, कातडीखाली इंजेक्शन) दोन्ही गोल जंतावर चांगली चालतात, आयव्हरमेक्टिनने खरूज आणि उवा पण जातात, कोकणात पावसाळ्यात खरूज असतेच म्हणून तिथं मी बऱ्याचदा तेच सुचवते. जे पिल्लू फारच खंगलंय आणि पोट टम्म आहे त्याला डॉक्टरांच्या देखरेखीतच द्या, कारण एकदम सगळे जंत मरून गोळा झाला तर आतडं अडकू शकतं. मग ५-६ आठवड्यांनी परत डोस. हे अंतर मनाचं नाही, जंत मोठा होऊन अंडी घालायच्या आत त्याला गाठायचं आहे. पुढच्या खेपेला पिल्लं घ्याल तेव्हा घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यातच डोस द्या आणि तेवढे दिवस वेगळी ठेवा.

पण ताई, हे सगळं करून अंगण तसंच राहिलं तर काही उपयोग नाही, मी हे फार वेळा बघितलंय. लोक दर महिन्याला औषध पाजतात, खर्च करतात आणि औषधाला शिव्या देतात. औषध पोटातले जंत मारतं, मातीतली अंडी मारत नाही. सावलीतल्या ओल्या मातीत ही अंडी काही वर्षं जिवंत राहतात, त्यांच्यावर चिकट आवरण असतं त्यामुळे ती आईच्या सडाला, आपल्या चपलांना, कुदळीला सगळ्याला चिकटतात. त्यांचे शत्रू दोनच, कडक ऊन आणि उष्णता. जमलं तर निदान खायची आणि झोपायची जागा कोबा करून घ्या, उतार द्या. विष्ठा रोज उचला, कारण ताज्या विष्ठेतलं अंडं लगेच लागण करत नाही, त्याच्या आतली अळी तयार व्हायला काही आठवडे लागतात, रोज उचललीत तर त्याला तो वेळच मिळत नाही. औषध दिल्यावर पहिले ३-४ दिवस तर दोन वेळा उचला कारण तेव्हा मेलेले जंत अंड्यांसकट बाहेर पडत असतात. ती विष्ठा ताजी ताजी वालीच्या किंवा पालेभाजीच्या वाफ्यात टाकू नका. खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर ढीग करा, मधे मधे वरखाली करा, ढीग आतून हाताला चटका बसेल इतका तापला की अंडी मरतात.

मुलांचं विचारलंत ना, हो, डुकराच्या गोल जंताची लागण माणसाला होऊ शकते. घाबरू नका पण मुलांना तिथं अनवाणी खेळू देऊ नका, जेवणाआधी साबणाने हात, नखं कापलेली, आणि शाळेत जंतनाशक दिनाला गोळी देतात ती चुकवू नका.

गडहिंग्लजहून एक जण: मादी व्यायच्या आधी जंताचं औषध द्यावं का? शेजारचे म्हणतात गाभडते.

द्या. फक्त कुठलं आणि कधी ते सांभाळा. मादीचा गाभण काळ ११४ दिवसांचा, तीन महिने तीन आठवडे तीन दिवस असा सोपा हिशोब. लागलेली तारीख भिंतीवर लिहून ठेवा आणि १०० ते १०५ व्या दिवसाच्या दरम्यान, म्हणजे व्यायच्या साधारण ९ ते १४ दिवस आधी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन द्या. गाभडण्याची भीती लोकांना अल्बेंडाझोलमुळे बसली असणार, ते गाभण काळाच्या सुरुवातीला देऊ नये हे खरंच आहे.

व्यायच्या आधीच का, त्याला एक कारण आहे जे बऱ्याच जणांना माहीत नसतं. स्ट्राँगिलॉइडीस रॅन्सोमी नावाचा दोऱ्यासारखा बारीक जंत आहे, डोळ्याला धड दिसत पण नाही. त्याच्या अळ्या मादीच्या कासेच्या चरबीत झोपून राहतात आणि मादी व्याली की चिकातून पिल्लात उतरतात. पिल्लू जगात येऊन पहिला घोट घेतं आणि त्यातच जंत. चार दिवसांच्या पिल्लाच्या विष्ठेत पण याची अंडी सापडू शकतात, दहाव्या बाराव्या दिवशी हगवण आणि खंगणं. आता तुम्ही फरशी कितीही चकाचक ठेवा, चिक कसा धुणार? म्हणून आईलाच आधी औषध. तुमच्याकडच्या दमट हवेत, मातीच्या जमिनीवर हा जंत जास्त, तो पायाच्या कातडीतून पण शिरतो. शिवाय व्यायच्या सुमारास मादीच्या विष्ठेत इतर जंतांची अंडी पण वाढतात, विशेषतः मोठ्या आतड्यात गाठी करणाऱ्या जंताची.

औषध दिल्यावर ४-५ दिवसांनी मादीला साबण आणि ब्रशने घासून अंघोळ घाला, पोट, सड, खूर सगळं, आणि ओल्या अंगाने नाही तर वाळल्यावर विण्याच्या कप्प्यात न्या. याला दहा मिनिटं लागतात.

मोहोळचे एक वाचक: शेळ्यांच्या जंताच्या औषधाची बाटली उरलीय, तीच डुकरांना पाजली तर चालेल का, अंदाजे ढोसली तर?

औषध तेच असेल तर चालूही शकेल, लेबलवरचं नाव आणि टक्केवारी मला किंवा तुमच्या डॉक्टरांना पाठवा. पण "अंदाजे" हा शब्द मला नको आहे. कमी डोस दिला की अशक्त जंत मरतात आणि चिवट राहतात, मग त्यांचीच पिलावळ वाढते, गाठी करणाऱ्या जंतात औषधाला दाद न देणारे जंत परदेशात आढळलेले आहेत. जास्त दिला आणि ते लेव्हामिसोल असेल तर लाळ गळून, थरथरून पिल्लू हातचं जातं, त्या औषधात बरोबर डोस आणि विषारी डोस यात फार अंतर नसतं.

वजनकाटा नसेल तर शिंप्याचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मीटरमधे मोजा, दोन कानांच्या मधल्या जागेपासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी मीटरमधे मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३, उत्तर किलोत. घेर ०.६५ आणि लांबी ०.७५ आली तर वजन २२ किलोच्या आसपास. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आयव्हरमेक्टिन १ टक्क्याचं असेल तर ३३ किलोला १ मिली, म्हणजे ७-८ किलोच्या पिल्लाला पाव मिली पण पुष्कळ, त्यासाठी १ मिलीची बारीक सिरिंज घ्या, ५ मिलीच्या सिरिंजवर पाव मिली मोजताच येत नाही.

भंडारा जिल्ह्यातून एक तरुण पशुपालक: मॅडम, ४ महिन्यांची डुकरं आहेत, मातीच्या वाड्यात ठेवतो. हगवणीत शेंबडासारखं आणि रक्त. आयव्हरमेक्टिन दोनदा झालं, तरी थांबत नाही.

वय ४ महिने, माती, शेंबूड, रक्त आणि आयव्हरमेक्टिनला दाद नाही, हे ऐकून मला चाबूक जंत आठवतो, ट्रायच्युरिस सुइस. दिसायला खरंच चाबकासारखा, एक टोक केसासारखं बारीक आणि दुसरं जाड, ते बारीक टोक मोठ्या आतड्याच्या अस्तरात खुपसून बसतो. आयव्हरमेक्टिनचा यावर भरवसा धरता येत नाही, कधी चालतं कधी नाही. फेनबेंडाझोल खाद्यातून लागोपाठ ३ दिवस दिलं तर चांगला फरक पडतो, एका दिवसाच्या डोसाने नाही. याची अंडी लिंबाच्या आकाराची, दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखी, सूक्ष्मदर्शकाखाली एकदा बघितली की विसरत नाही. पण अडचण अशी की लागण झाल्यावर ६-७ आठवड्यांनी अंडी दिसतात आणि हगवण त्याच्या आधीच लागलेली असते, त्यामुळे नुसत्या विष्ठा तपासणीवर थांबू नका, एखादं डुक्कर मेलं तर शवविच्छेदन करून घ्या, मोठं आतडं उघडलं की जंत डोळ्याला दिसतात. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ पडेल. स्वाइन डिसेंट्री नावाचा जिवाणूचा आजार हुबेहूब असाच दिसतो, त्याला अँटिबायोटिक लागतं, आणि कधी कधी दोन्ही एकत्र असतात, म्हणून तपासणीवर मी एवढा जोर देतेय.

आणि भाऊ, तो मातीचा वाडा. या जंताची अंडी मातीत ५-६ वर्षं टिकतात. वरची माती काढून टाकून मुरूम भरा नाहीतर जागाच बदला, त्या वाड्यात काही वर्षं डुकराची नवीन पिल्लं सोडू नका.

ताप, कान आणि पोटाची कातडी लाल-जांभळी, खाणं एकदम बंद आणि पटापट मरतूक असं काही दिसलं तर मात्र जंताचा विचार सोडा आणि त्याच दिवशी पशुसंवर्धन खात्याला कळवा. आफ्रिकन स्वाइन फिवर भारतात २०२० मधे आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा आला, त्याला उपचार नाही.

काणकोण, गोव्याहून एक वाचक: आमची गावठी काळी डुकरं मोकळी फिरतात, काटक असतात, यांना पण जंताचं औषध लागतं का? आमचे आजोबा कधीच देत नव्हते.

तुमच्या भागातल्या गावठी डुकराची आगोंदा गोवन म्हणून स्वतंत्र जात नोंदवली गेलीय, ओल्ड गोव्याच्या एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत डुकरांवर काम चालतं, तिथं जरूर जाऊन या. काटक असतात हे अगदी खरं, पण काटक म्हणजे जंत नसतात असं नाही, जंत असूनही ते उभं राहतं एवढाच अर्थ. औषध दिलं तर तेच डुक्कर कमी दिवसांत जास्त वजन करतं.

मोकळ्या डुकराला दोन जास्तीचे धोके आहेत. एक काटेरी डोक्याचा जंत, डुक्कर उकिरड्यातल्या आणि शेतातल्या हुमणीसारख्या अळ्या उकरून खातं त्यातून तो येतो, डोक्यावरच्या आकड्यांनी आतड्यात रुतून बसतो, कधी आतडं आरपार फुटतं. जंताची नेहमीची औषधं यावर भरवशाची नाहीत, पिल्लं तरी निदान बांधीव जागेत वाढवणं हाच मार्ग.

दुसरा धोका डुकरापेक्षा माणसाला मोठा आहे. डुक्कर माणसाची विष्ठा खातं आणि त्या माणसाच्या पोटात टीनिया सोलियम हा चपटा जंत असेल तर त्याची अंडी डुकरात जाऊन मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या गाठी होतात. ते मांस कच्चं राहिलं तर खाणाऱ्याच्या आतड्यात चपटा जंत वाढतो. इथपर्यंत लोकांना माहीत असतं. पण मेंदूत गाठी होऊन फिट्स येतात ते मांस खाऊन नाही, चपटा जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी न धुतलेल्या हातातून, पाण्यातून, कच्च्या भाजीतून पोटात गेल्याने. म्हणूनच जन्मात डुक्कर न खाल्लेल्या माणसाला पण हा आजार होतो. पूर्वी गोव्यात संडासाखाली डुकरं असायची, आता ते जवळपास गेलं हे फार चांगलं झालं. डुक्कर उघड्यावरच्या घाणीपर्यंत पोचू देऊ नका, घरात कुणाला चपट्या जंताचे तुकडे पडत असतील तर आधी त्या माणसाला डॉक्टरकडे न्या. सोरपोतेल असो की चोरीस (डुकराच्या मांसाचे गोव्यातले पदार्थ), मांस आतपर्यंत शिजलंच पाहिजे.

थोडक्यात काही प्रश्न

पपईच्या बिया, कडुलिंब चालेल का? पपईच्या चिकावर डुकरांच्या गोल जंतासाठी प्रयोग झालेत, काही गुण आहे. पण घरात मूठभर बिया कुटून त्यात किती औषध गेलं हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून मी त्यावर विसंबून राहा असं म्हणणार नाही.

आयव्हरमेक्टिन दिलेलं डुक्कर किती दिवसांनी कापायचं? लेबल वाचा, वेगवेगळ्या लेबलांवर १८ ते २८ दिवस दिसतात, मी २८ धरायला सांगते. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं म्हणून हे दिवस कमी करू नका, ते मांस कुणाच्या तरी लेकराच्या ताटात जाणार आहे.

३ आठवड्यांची पिल्लं पांढरीफटक, दमतात, जंताचं औषध देऊ? थांबा, आधी मला सांगा लोहाचं इंजेक्शन दिलं होतं का. पिल्लू जन्मतं तेव्हा अंगात लोह थोडंच असतं, रोजची गरज साधारण ७ मिलिग्रॅम आणि आईच्या दुधातून मिळतं जेमतेम १. पक्क्या फरशीवर वाढणाऱ्या पिल्लाला माती उकरायला मिळत नाही, मग तिसऱ्या आठवड्यात रक्त कमी पडतं. तिसऱ्या दिवशी २०० मिलिग्रॅम आयर्न डेक्स्ट्रान मानेत, आता राहिलं असेल तर आजच डॉक्टरांना बोलावून द्या. द्यायच्या आधी पिल्लाची पापणी उलटून फोटो काढा आणि आठ दिवसांनी परत काढा, दोन्ही मला पाठवा.